खून मेडिया करते, मग मनातून उतरतो तो जेसन का?

नवऱ्याने दुसरं लग्न केलं म्हणून एका बाईने त्याच्या नव्या बायकोला विषारी वस्त्र पाठवून जाळलं. लेकीला कवटाळायला धावलेला बापही तिच्याबरोबर गेला. मग त्या बाईने पोटच्या दोन मुलांना तलवारीने मारलं आणि ती निघून गेली. अशी बातमी पेपरात आली तर ‘बाई आहे की राक्षसीण’ म्हणत आपण पान उलटू.

इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्समध्ये पहिल्यांदा झालेलं युरिपिडीसचं ‘मेडिया’ हे नाटक संपतं, तेव्हा मात्र एवढं सरळ काही वाटत नाही. मेडियाची धास्ती बसते, तिच्याकडे बघवत नाही. पण मनातून उतरतो तो जेसन, ज्याने कुणाच्या अंगाला बोटही लावलेलं नाही. (नावाचा उच्चार काहीजण ‘मीडिया’ असा करतात. टीव्हीवाल्यांशी गल्लत नको म्हणून मी ‘मेडिया’ लिहितेय.)

हे कसं घडतं ते बघायचं तर आधी ग्रीक लोक रागाकडे कसं बघत होते ते बघावं लागतं. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात रागाची व्याख्या दिली आहे. तिचा मथितार्थ असा: आपल्याला किंवा आपल्या माणसांना कुणीतरी, तसा हक्क नसताना, उघड उघड क्षुल्लक लेखलं, त्याची वेदना होते आणि त्या वेदनेतून उघड सूडाची इच्छा उठते. तो राग. म्हणजे रागाच्या मुळाशी नुकसान नाही, मार नाही, ‘हा मला कुणीच समजत नाही’ हे आहे. या क्षुल्लक लेखण्याचे तो तीन प्रकार सांगतो. एक, समोरच्याला कस्पटासमान मानणं. दुसरा, आपला काही फायदा नसताना केवळ त्याचं होऊ नये म्हणून आडवं येणं. तिसरा ‘ह्युब्रिस’. या शब्दाचा अर्थ आपल्याला बहुतेकदा ‘गर्व’ असा शिकवतात, पण ॲरिस्टॉटलच्या लेखी तो आहे दुसऱ्याची बेअब्रू करून त्याची मजा घेणं.

तिरस्कार ही प्रेक्षकाच्या मनात शेवटी येणारी भावना, असं आपण धरून चालतो. इथे तो अगदी सुरुवातीला आहे, सूडाचं बी म्हणून. सूड घेणारं पात्र म्हणजे आधी कुणीतरी तुच्छ लेखलेलं पात्र. त्याच्याबद्दलची सहानुभूती तिथून येते. ती टिकते कुठवर आणि तुटते कुठे, यावर ग्रीक नाटककारांची सगळी कारागिरी आहे.

सूड हा त्या समाजात विकृत शब्द नव्हता. सूडासाठीचा ग्रीक शब्द ‘तिमोरिया’, त्याच्या पोटात ‘तिमे’ म्हणजे मान आहे. ‘दिके’ म्हणजे न्याय, पण ‘दिके देणं’ म्हणजे केल्याची शिक्षा भोगणं. अथेन्समध्ये खुनाचा खटला सरकार चालवत नसे. मेलेल्याच्या नातेवाइकांनीच तो भरायचा. न भरणारा मुलगा म्हणजे नालायक मुलगा. मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाटोळं, हे चारचौघांचं नीतिशास्त्र होतं. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस ते खोडून काढतो, पण खोडायला त्याला चांगलीच मेहनत पडते. त्यामुळे ‘सूड वाईट असतो, बाळांनो’ हे सांगण्यासाठी ही नाटकं लिहिली असतील असं मला वाटत नाही. तसं असतं तर ती इतकी अस्वस्थ करणारी झाली नसती.

कीव आणि करुणा

सॉफक्लीसच्या ‘एजॅक्स’ नाटकाचा पहिलाच प्रवेश या विषयाची किल्ली आहे. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक वीर अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं सर्वांत शूर योद्ध्याला मिळायची होती. एजॅक्सला वाटत होतं ती आपलीच. मिळाली ओडिसियसला. अपमानाने पेटलेला एजॅक्स रात्री सेनापतींना कापायला निघतो, पण अथीना देवी त्याच्या बुद्धीवर पडदा टाकते. तो गुराढोरांच्या कळपात शिरतो, माणसं समजून जनावरं कापतो आणि एका मेंढ्याला ओडिसियस समजून खांबाला बांधून फटके मारतो. अथीना ओडिसियसला बोलावते आणि म्हणते, बघ. शत्रूला हसण्याइतकं गोड हसू दुसरं कुठलं?

ओडिसियस हसत नाही. तो म्हणतो, हा माझा वैरी आहे, तरी मला याच्याकडे बघून वाईट वाटतं, कारण याच्या जागी मला मीही दिसतो. आपण जिवंत माणसं म्हणजे नुसत्या सावल्या.

मराठीत आपल्याकडे ‘कीव’ आणि ‘करुणा’ असे दोन शब्द आहेत, हे इथे फार उपयोगी पडतं. कीव वरून खाली केली जाते. ‘मला तुझी कीव येते’ हे वाक्य आपण भांडणात शिवीसारखं वापरतो. तिच्यात दया असते आणि तुच्छताही, एकाच घोटात. करुणेत बघणारा समोरच्याच्याच पातळीवर उभा असतो. ॲरिस्टॉटल शोकांतिकेसाठी जी भावना मागतो ती ही दुसरी. ज्याच्या वाट्याला लायकीपेक्षा जास्त दुःख आलंय त्याच्याबद्दल ती वाटते, आणि तसंच दुःख आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर येऊ शकतं हे जाणवलं तरच वाटते. म्हणून तिच्या जोडीला भीती असते. सूड घेणाऱ्या पात्रांना सगळ्यात जास्त धसका असतो तो कीव करणाऱ्यांचा आणि हसणाऱ्यांचा. मरण त्यांना परवडतं.

मेडियाच्या घराबाहेर

आता मेडियाकडे परत येऊ. नाटक सुरू होतं तेव्हा ती दिसतच नाही. घराच्या आतून नुसतं तिचं रडणं आणि तळतळाट ऐकू येतो. बाहेर म्हातारी दाई सांगत असते: बाईंनी अन्न टाकलंय, जमिनीवरची नजर उचलत नाहीत, पोरं समोर आली तरी चेहरा खुलत नाही. मागची कथा प्रेक्षकांना ठाऊकच असते. मेडिया कॉल्किसची, म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्वेच्या, आजच्या जॉर्जियातल्या भागातली राजकन्या. जेसनच्या प्रेमापायी तिने बापाला फसवलं, भावाला मारलं. माहेरचे दोर तिने स्वतःच्या हाताने कापले. आणि आता कॉरिंथमध्ये, परक्या मुलखात, तो तिला सोडून राजाच्या मुलीशी लग्न करतोय.

मग ती बाहेर येते आणि एकदम शांत, नेमकं बोलते. कॉरिंथच्या बायकांचा कोरस, म्हणजे एकत्र बोलणारा-गाणारा जथा, समोर आहे. ती म्हणते, आपण बायका भरमसाट पैसा मोजून नवरा विकत घेतो आणि वर त्याला आपल्या देहाचा मालक करतो. (हे वाक्य समजायला मराठी वाचकाला तळटीप लागत नाही.) एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, असंही म्हणते. हे ऐकणाऱ्या प्रेक्षकांत रणात खरंच उभे राहिलेले पुरुष बसलेले, आणि मुखवट्यामागून बोलणारा नटही पुरुषच. भाषणाच्या शेवटी ती कोरसकडे छोटंसं मागणं मागते: मी काही मार्ग काढला तर गप्प राहा. बायका हो म्हणतात. त्या ‘हो’मध्ये आपणही सामील होऊन बसतो, आणि कशाला हो म्हटलंय ते फार उशिरा कळतं.

राजा क्रेऑन तिला हद्दपार करायला येतो. ती त्याचे गुडघे धरते, लेकरांसाठी दया भाकते, एका दिवसाची मुदत मागते. राजा विरघळतो. तो गेल्यावर ती सरळ उभी राहून विचारते, काही मिळायचं नसतं तर मी या माणसाची मनधरणी केली असती असं वाटतं का तुम्हाला? क्षणापूर्वी आपलाही जीव गलबलला होता, म्हणजे क्रेऑनबरोबर आपणही फसलो. गंमत म्हणजे याने सहानुभूती आटत नाही. उलट तिच्या हुशारीचं कौतुक वाटायला लागतं, आणि तोच सापळा आहे.

यावर जेसन येतो, पैसे घेऊन. वाटखर्चाला लागतील म्हणून. आणि समजावायला लागतो. तू मला वाचवलंस म्हणतेस, पण ते खरं तर प्रेमदेवतेने केलं. तुला मी रानटी मुलखातून ग्रीसमध्ये आणलं, इथे कायदा आहे, न्याय आहे. हे लग्नही मी तुमच्याच भल्यासाठी करतोय, मुलांना राजघराण्यातली भावंडं मिळतील. बायकांवाचून पोरं होण्याची सोय असती तर जगात कटकटच उरली नसती. मेडियाला दिलेली शपथ मोडल्याचं त्याला काही नाही. ती मोडणं किती शहाणपणाचं होतं हे तो पटवून देतोय. त्याच्या आवाजात राग नाही, अपराधीपणा तर नाहीच. क्षुल्लक लेखणं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण ॲरिस्टॉटललाही देता आलं नसतं. जेसन मनातून उतरतो तो इथे, एकही खून होण्याआधी.

मेडियाचा बेत ठरतो तेव्हा तिच्या तोंडी पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो: हसू. शत्रूंनी मला हसावं हे मला सहन होणार नाही. मला कुणी मेंगळट समजू नये. मी वैऱ्यांना जड आणि आपल्या माणसांना मऊ. हीच भाषा महाकाव्यातला योद्धा बोलतो. फरक एवढाच की योद्ध्याला रणांगण असतं आणि हिच्याकडे स्वयंपाकघर, मुलं आणि एक पेटीतलं वस्त्र आहे.

ग्रीक रंगभूमीवर खून सहसा डोळ्यांसमोर होत नाही, दूत येऊन सांगतो. दूताने सांगितलेली राजकन्येची हकिगत मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा तिच्या मरणापेक्षा त्याच्या आधीचे चार क्षण लक्षात राहतात. सवतीची पोरं बघून ती तोंड फिरवते. मग भेट बघते आणि हरखते. झगा घालते, सोन्याचा मुकुट चढवते, आरशात केस नीट करते, आरशातल्या निर्जीव प्रतिमेकडे बघून हसते. उठून खोलीभर गोऱ्या पावलांनी फिरते, आणि टाच उचलून मागे वळून वस्त्र पायावर कसं पडलंय ते पुन्हा पुन्हा बघते. नवी साडी नेसलेली कुठलीही मुलगी बघते तसं. मग तोंडाला फेस येतो, मुकुटातून आग निघते, आणि हाडांवरून मांस पाइनच्या डिंकासारखं ओघळतं. युरिपिडीसने या मुलीला साधं नावही दिलेलं नाही. पण टाच उचलून मागे बघण्याचा तो एक क्षण दिलाय आणि तेवढ्याने मेडियाकडे असलेली आपली सहानुभूती दुभंगते. ही पोर जेसनसारखी नव्हती. ती फक्त वाटेत होती.

त्याच्या आधी मेडिया मुलांना जवळ घेऊन स्वतःशी झगडून झालेली असते. मारीन, नाही मारणार, बरोबर नेईन, नाही, शत्रूंच्या हाती हसायला सोडू का? मी काय भयंकर करायला निघालेय हे मला कळतंय, पण माझा संताप माझ्या विचारांहून जबर आहे, असं ती म्हणते. तिला वेड लागलेलं नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. मग दारामागून मुलांचे आवाज येतात: काय करू, आईच्या हातून कुठे पळू? कोरस बाहेर उभा राहून म्हणतो, आत जाऊ का, वाचवू का. जात नाही. गप्प राहायचं वचन दिलेल्या बायका गप्प राहतात, आणि त्यांच्याबरोबर आपणही.

शेवटी जेसन दार ठोठावत येतो आणि मेडिया वर, सूर्यदेवाने पाठवलेल्या रथात, दोन्ही प्रेतं घेऊन उभी. ॲरिस्टॉटलला हा रथ आवडला नव्हता. कथानकाची गाठ यंत्राने (म्हणजे पात्राला वर उचलून धरणाऱ्या रंगमंचावरच्या यारीने) सोडवू नये, ती कथानकातूनच सुटावी असं त्याचं मत. एरवी त्याचं ऐकावं, पण इथे नको. ती वर आहे आणि जेसन खाली, म्हणजे कीव करण्याची जागाच तिने पळवली आहे. जेसन म्हणतो, दुःख तर तुलाही झालंय. ती म्हणते, हो, पण तू हसणार नसशील तर हे दुःख मला परवडतं. आणि न्यायाने सांगायचं तर इथे नाटककार जेसनलाही एक क्षण देतो. मुलांच्या मऊ अंगाला एकदा हात लावू दे, एवढंच तो मागतो. मिळत नाही. त्याच्याबद्दलचा तिरस्कार तेवढ्यापुरता गळ्यात अडकतो.

हेक्युबाचं वळण

मला स्वतःला मेडियापेक्षा युरिपिडीसच्याच ‘हेक्युबा’ नाटकातली हेक्युबा जास्त छळते, कारण तिची बाजू जवळजवळ निर्विवाद आहे. ट्रॉय पडलंय, राणी गुलाम झाली आहे. एक मुलगी ग्रीकांनी अकिलीसच्या थडग्यावर बळी दिली. सर्वांत धाकटा पॉलिडोरस सुरक्षित राहावा म्हणून सोन्यासह थ्रेसचा राजा पॉलिमेस्टर याच्याकडे ठेवला होता. ट्रॉय पडताच पॉलिमेस्टरने सोन्यासाठी त्याला मारून समुद्रात टाकला. ते प्रेत लाटांनी किनाऱ्याला लागतं. हेक्युबा ग्रीकांचा सेनापती अगॅमेम्नॉन याच्याकडे न्याय मागते. त्याला पटतं सगळं, पण सैन्य काय म्हणेल याची भीती. मग ती माऊली असा मुद्दा काढते की ऐकताना मान खाली जाते: माझी कसँड्रा तुझ्या अंथरुणात असते ना, त्या रात्रींचं काही मोल देशील की नाही? आई आपल्या मुलीची अब्रू वाटाघाटीत ठेवते. तिला तिथवर ढकलणारा समोर उभा आहे, आणि ‘मला अडवायचं नाही, पण मदतही करणार नाही’ असं म्हणतोय.

पॉलिमेस्टर आपल्या दोन मुलांना घेऊन येतो, आणखी सोन्याच्या लालचीने तंबूत शिरतो. आतल्या ट्रॉयच्या बायका त्याच्या अंगरख्याचं विणकाम उजेडाकडे धरून वाखाणतात, भाले बघायला म्हणून हातातून काढून घेतात. मुलांना कडेवर घेतात, लाड करतात, ह्या हातातून त्या हातात देत बापापासून लांब नेतात. मग कपड्यांतून सुरे निघतात. मुलं मरतात, आणि झग्याच्या टाचण्यांनी बापाचे डोळे फोडले जातात. तो जनावरासारखा चार पायांवर रांगत बाहेर येतो.

पोरं कडेवर घेऊन फिरवण्याचा तो तपशील कुणाही आईच्या हाताला माहीत असलेली हालचाल आहे. ती इथे हत्यार होते. पॉलिमेस्टर भविष्य सांगतो: तू कुत्री होशील, डोळ्यांत आग असलेली, आणि तुझं थडगं ‘कुत्रीची समाधी’ म्हणून दर्यावर्दी लोकांना खूण ठरेल. हेल्लेस्पॉन्टच्या काठावर, आजच्या तुर्कस्तानात, या नावाचं भूशिर खरंच होतं. हेक्युबाचं उत्तर: मला काय त्याचं, तू भरपाई केलीस ना. ही तिची अधोगती की तिचं समाधान, यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्याकडे झोपलेल्या पोरांना मारणारा अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो असं सांगतात. त्याला निदान मरण नाही म्हणून दुःख आहे. हेक्युबाला कुत्री होण्याचंही दुःख नाही.

एकच खून, तीन नाटकं

ओरेस्टेसने आई क्लायटेमनेस्ट्राला मारलं, कारण तिने नवऱ्याला मारलं, कारण त्याने युद्धाला जाण्यासाठी मुलीचा बळी दिला. ही कथा तिघाही मोठ्या नाटककारांनी लिहिली, आणि सहानुभूतीची तराजू प्रत्येकाने वेगळी धरली.

एस्किलसच्या इ. स. पू. ४५८ च्या नाट्यत्रयीत क्लायटेमनेस्ट्रा नवऱ्याच्या प्रेताशेजारी उभी राहून सांगते की त्याच्या रक्ताचे शिंतोडे अंगावर उडाले तेव्हा पोटरीला आलेलं पीक पावसाने हरखावं तशी मी हरखले. भीषण आहे, पण हलकं नाही. मुलगा तलवार घेऊन येतो तेव्हा ती छाती उघडी करून म्हणते, बाळा, हे दूध तू प्यायलास. ओरेस्टेस थबकतो. पण थोड्याच वेळापूर्वी म्हातारी दाई किलिसा येऊन गेलेली असते, आणि दुपट्यांची धुणी, रात्रीची रडारड, न सांगता मोकळं होणारं बाळाचं पोट असं सगळं आठवून रडलेली असते. बाळंतपणाच्या एवढ्या घरगुती कटकटी शोकांतिकेत कुणी आणत नाही. एस्किलसने आणल्या, कारण त्यांच्यामुळे आईच्या दुधाचा दावा ऐकताना मनात शंका राहते: याला वाढवलं नक्की कुणी?

सॉफक्लीसकडे ओरेस्टेसची बहीण इलेक्ट्रा दाराबाहेर आहे. आतून आईची किंकाळी येते आणि मुलगी ओरडते, जोर असेल तर आणखी एक घाव घाल! कुणाला पश्चात्ताप नाही, सूडदेवता पाठलागाला येत नाहीत. प्रेक्षक गोंधळतो.

युरिपिडीस मात्र सूड घेणाऱ्यालाच लहान करतो, आणि तिरस्कार पहिल्यांदा आपल्या ‘बाजूच्या’ माणसावर येतो. त्याच्या नाटकात आईचा प्रियकर एजिस्थस अनोळखी पाहुण्याला यज्ञाला बोलावतो, आणि तो वाकून बळीची आतडी तपासत असताना ओरेस्टेस मागून घाव घालतो. आईला आणण्यासाठी इलेक्ट्रा खोटा निरोप धाडते की मी बाळंत झाले, दहाव्या दिवसाचा विधी करायला ये. आई येते. मुलगी म्हणते, सांभाळून, झोपडीच्या काजळीने तुझं वस्त्र मळेल. आणि आत नेते. घाव घालताना ओरेस्टेस डोळ्यांवर अंगरखा ओढून घेतो. बाहेर आल्यावर दोघंही मोडून पडतात. तेव्हा वरून देव सांगतो: तिला मिळालं ते न्यायाचंच होतं, तू केलंस ते नव्हे. शिक्षा रास्त, शिक्षा देणारा हात मात्र नाही. सूड घेणाऱ्यावर एका वाक्यात इतका नेमका निवाडा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

एस्किलसच्या तिसऱ्या नाटकात हा निवाडा न्यायालयात जातो. सूडदेवता ओरेस्टेसच्या मागे अथेन्सपर्यंत येतात आणि अरिओपॅगस टेकडीवर खटला उभा राहतो. मतं समसमान पडतात आणि अथीनेच्या मतामुळे तो सुटतो. दया आली म्हणजे दोष गेला असं नाही, हे त्या बरोबरीच्या मतांत दिसतं. सुटका झाली ती काठावर. आणि हरलेल्या सूडदेवतांना शहर हाकलत नाही, त्यांना टेकडीखाली घर आणि मान देऊन ठेवून घेतं. ‘शोकांतिका’ या आपल्या शब्दाची इथे पंचाईत होते, कारण ही त्रयी शोकात संपत नाही, मिरवणुकीत संपते.

मेडियाही शेवटी तिथेच जाते. अथेन्सच्या राजाकडून तिने नाटकाच्या मध्यातच शपथ घेऊन आसरा मिळवून ठेवलेला असतो. तिचा बेत कळल्यावर कोरस अथेन्सची स्तुती गातो, त्याच्या पवित्र नद्यांची, निर्मळ हवेची, आणि मग विचारतो: असं शहर लेकरांना मारणाऱ्या बाईला घरात घेईल कसं? प्रश्न ऐकणारे ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर उन्हात बसलेले होते. त्या स्पर्धेत युरिपिडीसचा तिसरा नंबर आला, तिघांत तिसरा. नाटक संपल्यावर ते लोक उठून आपापल्या घरी गेले, ज्या शहरात मेडिया राहायला आली होती त्याच शहरात.